‘माहीत नाही’ची कोडी : माझ्या प्रोग्रॅमच्या नोंदी

४ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरवलंय, नाहीतर मागच्या वेळसारखं काय का केलं होतं तेच विसरायला होतं.

काय बनवायचंय ते आधी लिहून ठेवते. कोड्यांचा एक प्रकार असतो ज्यात माणसं एकमेकांना उत्तर सांगत नाहीत, फक्त ‘मला माहीत आहे’ किंवा ‘मला माहीत नाही’ एवढंच बोलतात आणि तेवढ्यावरून उत्तर निघतं. २०१५ मध्ये सिंगापूरच्या एका शालेय गणित स्पर्धेतलं शेरिलच्या वाढदिवसाचं कोडं जगभर फिरलं होतं ते बऱ्याच जणांना आठवत असेल, ते याच जातीचं. मला असा प्रोग्रॅम हवाय ज्याला कोडं दिलं की तो पायरी पायरीने सोडवून दाखवेल, आणि पुढे जमलं तर अशी नवीन कोडी स्वतः तयार करेल. ही कोडी मला फार म्हणजे फार आवडतात कारण यात आकडेमोड जवळजवळ नसतेच, समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय आणि त्याच्या मते माझ्या डोक्यात काय चाललंय एवढाच सगळा मामला असतो. पायथॉनमध्ये करतेय. वेळ मिळेल तसं, घाई नाही.

६ जानेवारी

पहिला प्रश्न होता की ‘माहीत असणं’ कोडमध्ये लिहायचं कसं. याचं उत्तर तर्कशास्त्रवाल्यांनी कधीच देऊन ठेवलंय, हिंटिकाने १९६२ मध्ये मांडलेली कल्पना आहे, आणि ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं एवढंच? सगळ्या शक्यता लिहून काढायच्या. एखाद्या माणसाला ज्या शक्यतांमधला फरक करता येत नाही त्या त्याच्यासाठी एका गठ्ठ्यात. त्या गठ्ठ्यातल्या झाडून सगळ्या शक्यतांमध्ये जी गोष्ट खरी असेल ती त्याला ‘माहीत आहे’. बस. आणि कुणी सगळ्यांसमोर काही खरं बोललं की ज्या शक्यतांमध्ये ते बोलणं खोटं ठरतं त्या पुसून टाकायच्या.

सुरुवातीला चिखलवाल्या मुलांचं कोडं घेतलंय. तीन मुलं खेळून येतात, प्रत्येकाला दुसऱ्यांची कपाळं दिसतात, स्वतःचं दिसत नाही. बाबा म्हणतात, तुमच्यापैकी निदान एकाच्या कपाळाला चिखल लागलाय. मग विचारतात, आपल्या कपाळाला चिखल आहे की नाही हे नक्की कुणाला कळलंय? सगळी गप्प. परत तोच प्रश्न, परत गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिघंही एकदम हात वर करतात, कारण तिघांच्याही कपाळाला चिखल आहे. गणितज्ञ लिटलवूडने १९५३ मध्ये याच कल्पनेचं तीन बायकांचं रूप लिहिलंय, तोंडाला काळं लागलेल्या तिघी एकमेकींकडे बघून हसत असतात आणि मग एकीच्या डोक्यात प्रकाश पडतो की अरे मग या दोघी अजून का हसतायत.

तीन मुलं म्हणजे आठ शक्यता. प्रत्येकाला ० किंवा १, म्हणजे ०००, ००१ असं करत १११ पर्यंत. हे आठ म्हणजे एका घनाचे आठ कोपरे समजायचे, आणि प्रत्येक कडेवर एकेका मुलाचं नाव, कारण त्या कडेच्या दोन टोकांमधला फरक त्याच मुलाला दिसत नाही. बाबा बोलले की ००० कोपरा उडाला, राहिले सात. पहिल्यांदा सगळी गप्प, म्हणजे एकाच्याच कपाळाला चिखल असलेले तीन कोपरे उडाले (तसं असतं तर ज्याच्या कपाळाला आहे त्याला समोर दोन्ही कपाळं स्वच्छ दिसली असती आणि तो लगेच बोलला असता), राहिले चार. दुसऱ्यांदा गप्प, दोघांवाले तीन उडाले. राहिला एक.

८, ७, ४, १. कागदावर छान जमलं, उद्या कोड.

७ जानेवारी

कोड चुकीचं उत्तर देतंय. तिघांच्याही कपाळाला चिखल दिला तर तिसऱ्या मुलाला पहिल्याच फेरीत कळतंय. दोन तास शोधत बसले, शक्यतांचे गठ्ठे तपासले, सगळं बरोबर.

मग सापडलं. मी मुलांवरून लूप फिरवताना (म्हणजे एकेक मूल ओळीने घेत तेच काम परत परत करताना) प्रत्येक मुलाच्या ‘माहीत नाही’ नंतर लगेच शक्यता पुसत होते. म्हणजे माझ्या कोडमध्ये मुलं एकदम उत्तर देतच नव्हती, एकामागोमाग एक देत होती आणि पुढचं मूल मागच्याचं ऐकत होतं. आता बघा काय होतं. अ म्हणतो माहीत नाही, म्हणजे ब आणि क दोघंही स्वच्छ नाहीत. हे ऐकून ब म्हणतो माहीत नाही, म्हणजे क स्वच्छ नाही, कारण क स्वच्छ असता तर उरलेला चिखलवाला ब स्वतःच ठरला असता आणि त्याला ते कळलं असतं. झालं, क ला कळलं. आणि यातली भारी गोष्ट अशी की क ने डोळे बंद ठेवले असते तरी चाललं असतं! अ आणि ब ची कपाळं बघायची त्याला गरजच पडली नाही.

हे लक्षात आल्यावर मी खुर्चीत सरळ बसले, कारण हे कोडं मला लहानपणापासून माहितीये. तीन कैदी, तीन पांढऱ्या टोप्या आणि दोन लाल, पहिला म्हणतो माझी कुठली माहीत नाही, दुसरा म्हणतो माहीत नाही, आणि तिसरा, जो आंधळा आहे, तो म्हणतो माझी पांढरी. दोन लाल आणि तीन पांढऱ्या म्हणजे तिघांच्याही डोक्यावर लाल असू शकत नाही, म्हणजे निदान एक पांढरी, म्हणजे हुबेहूब बाबांचं वाक्य! इतकी वर्षं मी ही दोन वेगळी कोडी धरून चालले होते. एकच कोडं आहे, एकात सगळे एकदम बोलतात आणि दुसऱ्यात ओळीने. माझ्या बगने, म्हणजे कोडमधल्या चुकीने, मला ते दाखवलं.

दुरुस्ती: आधी सगळ्यांची उत्तरं गोळा करायची, मग एकदाच पुसायचं. ओळीने बोलायचा पर्यायही ठेवलाय, वेगळ्या नावाने.

११ जानेवारी

आज पूर्ण वेळ एकाच प्रश्नावर गेला. बाबांच्या वाक्याची गरजच काय? तिघांच्याही कपाळाला चिखल आहे, प्रत्येकाला समोर दोन चिखलाची कपाळं दिसतायत, म्हणजे ‘निदान एकाला चिखल आहे’ हे प्रत्येकाला आधीपासून माहितीये. बाबांनी नवीन काय सांगितलं?

टेस्ट लिहिली: बाबांचं वाक्य काढून टाका आणि फेऱ्या चालू द्या. दहा फेऱ्या, पन्नास फेऱ्या, शक्यता आठच्या आठ. कुणालाच कधीच काही कळत नाही. म्हणजे ते वाक्य लागतंच.

मग दुसरं फंक्शन (एक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा) लिहिलं, खोली मोजणारं. ‘सगळ्यांना माहीत आहे’ ही पहिली पातळी. ‘सगळ्यांना माहीत आहे की सगळ्यांना माहीत आहे’ ही दुसरी. अशा किती पातळ्या बाबा बोलण्याआधीच खऱ्या आहेत ते मोजायचं. तिघांच्या कपाळाला चिखल असेल तर उत्तर येतं दोन. दोघांच्या असेल तर एक. एकाच्याच असेल तर शून्य, कारण ज्याच्या कपाळाला आहे त्या बिचाऱ्यालाच माहीत नाही. हे असं का ते घनाकडे बघितलं की डोळ्यांना दिसतं. आपण १११ च्या कोपऱ्यावर उभे आहोत. एक पातळी म्हणजे एका कडेवरून चालत जाणं. ००० हा नको असलेला कोपरा तीन कडा लांब आहे, म्हणून दोन पावलांपर्यंत सगळं ठीक, तिसऱ्या पावलाला आपण त्या कोपऱ्यावर पोचतो. अ ला वाटतं मी स्वच्छ असू शकतो, तसं असेल तर ब ला वाटत असेल की तो स्वच्छ असू शकतो, आणि तसंही असेल तर क ला वाटत असेल की कुणालाच चिखल नाहीये. प्रत्यक्षात कुणीच इतकं चुकीचं समजत नाहीये! तरी तो कोपरा या साखळीच्या टोकाला जिवंत आहे आणि तो तिथे आहे तोवर काहीच पुढे सरकत नाही. बाबांनी सगळ्यांसमोर बोलून तो कोपराच तोडला.

मराठीत आपण ‘सगळ्यांना माहितीये’ हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे प्रत्येकाला आपापलं माहीत आहे. दुसरी म्हणजे सगळ्यांमध्ये ते उघड आहे, सगळ्यांना माहितीये हे सगळ्यांना माहितीये, आणि असं अनंतापर्यंत. या दुसऱ्याला कॉमन नॉलेज म्हणतात, तत्त्वज्ञानात डेव्हिड लुईसने १९६९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं, आणि १९७६ मध्ये ऑमनने हीच कल्पना गणितात नेमकी बसवून त्यावर एक प्रमेय सिद्ध केलं. माझ्या कोडमध्ये आता दोन वेगळी फंक्शन आहेत, ‘प्रत्येकाला’ आणि ‘उघड’. बोलतानाही हेच दोन शब्द वापरायचं ठरवलंय.

१२ जानेवारी

वीस मुलांवर चालवलं. शक्यता १०,४८,५७६. कोणाला कुठल्या दोन शक्यतांत फरक दिसत नाही याची यादी साठवत होते ती काढून टाकली, गरज नाही, मुलाचा बिट (त्याचा ० किंवा १) उलटा केला की जोडीची शक्यता मिळते. आता ठीक चालतंय.

१८ जानेवारी

शेरिलचं कोडं टाकलं. दहा तारखा: मे १५, १६, १९, जून १७, १८, जुलै १४, १६, ऑगस्ट १४, १५, १७. अल्बर्टला महिना माहीत, बर्नार्डला तारीख. अल्बर्ट म्हणतो मला माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे. बर्नार्ड म्हणतो आधी माहीत नव्हतं, आता कळलं. अल्बर्ट म्हणतो मग मलाही कळलं.

प्रोग्रॅमचं उत्तर १६ जुलै, बरोबर. १८ आणि १९ या तारखा एकदाच येतात, म्हणून मे किंवा जून असता तर अल्बर्टला ती खात्री देता आली नसती, दोन्ही महिने पूर्ण गेले. उरलेल्यात १४ दोनदा, म्हणून बर्नार्डकडे १४ नाही. ऑगस्टमध्ये दोन राहतात, जुलैमध्ये एक, आणि अल्बर्टला कळलं म्हणजे जुलै.

पण त्या वेळी कित्येकांनी १७ ऑगस्ट हे उत्तर काढलं होतं आणि ते अजिबात वेडगळ नाहीये, ते कुठून येतं ते मला कोडमध्ये बघायचं होतं. मिळालं. अल्बर्टच्या वाक्यातला ‘मला माहीत आहे’ हा भाग काढून टाकला आणि नुसतं ‘बर्नार्डला माहीत नाही’ हे कुणीतरी बाहेरून सांगितलेलं सत्य धरलं तर फक्त १८ जून आणि १९ मे जातात, महिने जात नाहीत. मग अल्बर्टला अजूनही माहीत नाही म्हणून १७ जून जातो, आणि बर्नार्डला कळलं म्हणून १७ ऑगस्ट राहतो. प्रोग्रॅममध्ये दोन शब्दांचा फरक, उत्तर महिनाभर पुढे. ज्यांचं उत्तर चुकलं त्यांचा हिशोब चुकला नव्हता, त्यांनी वाक्य वेगळं ऐकलं होतं. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण अशा कोड्यात एखाद्याला ‘तुला लॉजिक येत नाही’ असं पटकन म्हटलं जातं आणि तो माणूस परत अशा कोड्यांच्या वाटेला जात नाही.

२४ जानेवारी

विचित्र एरर. मी एक सुरक्षेची तपासणी टाकली होती: एखादं खरं वाक्य सगळ्यांसमोर जाहीर झालं की त्यानंतरही ते वाक्य खरं असायलाच पाहिजे. इतकं उघड आहे की टेस्टसुद्धा कशाला लिहायची असं वाटलेलं. आणि चिखलाच्या कोड्यात दुसऱ्या फेरीनंतर ती तपासणी फेल.

मला वाटलं परत लूपचा घोळ. नाही. दुसऱ्या फेरीत जाहीर झालेलं वाक्य आहे ‘कुणालाही स्वतःबद्दल माहीत नाही’. बोललं त्या क्षणी खरं. पण ते ऐकून १११ सोडून सगळ्या शक्यता गेल्या, म्हणजे सगळ्यांना कळलं, म्हणजे ते वाक्य आता खोटं आहे. खरं वाक्य बोलल्यामुळेच खोटं झालं. चूक कोडमध्ये नव्हती, माझ्या तपासणीत होती.

साधं उदाहरण हवं असेल तर कुणाला तरी सांगा: ‘तुझ्या कपाळाला चिखल आहे आणि तुला ते माहीत नाही.’ सांगून होईपर्यंत वाक्याचा दुसरा अर्धा भाग गेला. अशा वाक्यांना तत्त्वज्ञ मूरचं नाव आहे, आणि जाहीर विधानांचं जे तर्कशास्त्र प्लाझाने १९८९ मध्ये मांडलं त्यात ही अडचण नीट हाताळलेली आहे.

तपासणी काढली आणि तिच्या जागी कॉमेंट लिहिली. दुपारभर हेच डोक्यात घोळत होतं की या सगळ्या कोड्यांचं इंजिन हेच आहे. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य शेवटच्या फेरीआधी बोललं जातं आणि बोललं गेल्यामुळे मरतं. ते मरतं म्हणून पुढचा माणूस ‘मला कळलं’ म्हणू शकतो.

१ फेब्रुवारी

बेरीज आणि गुणाकाराचं कोडं, ज्याची मी वाट बघत होते. गणितज्ञ फ्रॉयडेन्थालने १९६९ मध्ये एका डच गणित नियतकालिकात दिलं, पुढे १९७९ मध्ये मार्टिन गार्डनरने त्याला ‘अशक्य’ कोडं म्हटलं. दोन वेगळे पूर्णांक, दोन्ही १ पेक्षा मोठे, बेरीज १०० पर्यंत. एकाला बेरीज माहीत, दुसऱ्याला गुणाकार.

गुणाकारवाला: मला आकडे माहीत नाहीत.
बेरीजवाला: तुला माहीत नसणार हे मला माहीत होतं.
गुणाकारवाला: मग आता मला कळले.
बेरीजवाला: मग मलाही कळले.

एवढंच! एकही आकडा नाही. आणि उत्तर एकच, ४ आणि १३.

प्रोग्रॅमला सुरुवातीला २३५२ जोड्या मिळतात. बेरीजवाल्याच्या वाक्यानंतर बेरजा उरतात दहा: ११, १७, २३, २७, २९, ३५, ३७, ४१, ४७, ५३. मशीनवर विश्वास आहे पण १७ हाताने तपासली, कारण नुसतं प्रिंट झालेलं उत्तर बघून समाधान होत नाही. १७ च्या जोड्यांचे गुणाकार ३०, ४२, ५२, ६०, ६६, ७०, ७२. यातला ३० असता तर बेरीज ११ (५ आणि ६) पण चालते, ४२ असता तर २३ पण (२ आणि २१), ६० ला २३, ६६ ला ३५, ७० ला ३७, ७२ ला २७. म्हणजे या सहांपैकी काहीही असतं तर गुणाकारवाल्याला ‘कळले’ म्हणता आलं नसतं. फक्त ५२ मध्ये दुसरी जोडी २ आणि २६, बेरीज २८, आणि २८ यादीत नाहीये कारण ५ + २३ दोन्ही मूळ संख्या, आणि दोन मूळ संख्यांचा गुणाकार एकाच प्रकारे फुटतो, म्हणजे गुणाकारवाल्याला लगेच कळलं असतं. म्हणून ५२, म्हणून ४ आणि १३. वहीचं अर्धं पान.

मग मर्यादेशी खेळले आणि इथे मी थक्क झाले. मला वाटलं होतं १०० हा आकडा उगाच गोल म्हणून घेतलाय, ४ आणि १३ ची बेरीज १७ आहे, मर्यादा ५० केली तर काय बिघडतंय? सगळं बिघडतं. मर्यादा ६५ च्या खाली नेली की उत्तरच राहत नाही. कारण उदाहरणार्थ १२४ हा गुणाकार. तो ४ × ३१ पण होतो आणि २ × ६२ पण. २ आणि ६२ ची बेरीज ६४, ती मर्यादेबाहेर गेली तर १२४ वाल्याला एकच जोडी उरते आणि त्याला लगेच कळतं, मग बेरीज ३५ असलेला माणूस ‘तुला माहीत नसणार’ असं म्हणू शकत नाही, मग ३५ यादीतून जाते, मग ६६ वाल्याचा दुसरा पर्याय जातो, आणि अशी सगळी इमारत हलते. उलट मर्यादा वाढवत नेली तर १६८५ ला दुसरं उत्तर उगवतं, ४ आणि ६१.

म्हणजे ‘बेरीज १०० पर्यंत’ ही नुसती सूचना नाहीये, ती पण दोघांमध्ये उघड असलेली गोष्ट आहे. एकाला मर्यादा १०० वाटत असेल आणि दुसऱ्याला ५०, तर तीच चार वाक्यं दोघांच्या डोक्यात वेगळी वाजतील.

३ फेब्रुवारी

लागोपाठच्या आकड्यांचं कोडं. अ आणि ब ला एकेक पूर्णांक दिलाय, १ किंवा मोठा, दोन्ही लागोपाठचे, हे दोघांना उघड माहीत. आळीपाळीने बोलतात.

इथे शक्यता अनंत आहेत म्हणून मी ५० ला कापलं आणि परत तोच काठाचा त्रास, ज्याच्याकडे ५० आहे त्याला वरून कळतं की दुसऱ्याकडे ४९, आणि मग वरच्या टोकाकडूनही उत्तरं सरकायला लागली जी खऱ्या कोड्यात नसतातच. उपाय सापडला: एका वाक्याने माहिती जास्तीत जास्त एक पाऊल सरकते, म्हणून मर्यादा वाक्यांच्या संख्येपेक्षा खूप मोठी ठेवायची आणि वरच्या टोकाजवळच्या शक्यता निकालात धरायच्याच नाहीत.

पण खरी गंमत दुसरीकडे. अ म्हणतो माहीत नाही, ब म्हणतो माहीत नाही, अ म्हणतो कळलं. अ ला कळलं, मग ब लाही कळतं, पण मला नाही कळलं! अ कडे २ आणि ब कडे ३, किंवा अ कडे ३ आणि ब कडे ४, दोन्ही बसतात. कोड्यातल्या माणसांना उत्तर माहीत आणि वाचणाऱ्याला नाही. म्हणजे वाचणारा हाही एक खेळाडू आहे, ज्याच्या हातात काहीच पत्ते नाहीत आणि जो फक्त ऐकतोय. कोडं नीट आहे की नाही हे त्याच्या बाजूने तपासायचं असतं. हे मी आतापर्यंत कुठेच लिहिलं नव्हतं, कोडमध्येही नव्हतं. टाकलं.

१० फेब्रुवारी

नवीन कोडी बनवणारा भाग चालू झाला! रँडम पत्ते घेतो, अ ला रंग सांगतो, ब ला आकडा, वाक्यांची एक ठरलेली साखळी चालवतो आणि वाचणाऱ्याकडे एकच शक्यता उरली तरच ठेवतो. बहुतेक कचरा निघतो पण हे मला आवडलं. पत्ते दहा:

लाल १, २
हिरवा २, ३
निळा ३, ४
जांभळा ३, ४, ५
पिवळा १

अ: मला पत्ता माहीत नाही.
ब: मलाही माहीत नाही.
अ: आता कळला.
ब: मग मलाही कळला.

भाचीला दिलं. ती तेरा वर्षांची आहे आणि तिला सोडून देणं माहीत नाही. उत्तर उद्या लिहिते म्हणजे मीही परत हाताने सोडवेन.

११ फेब्रुवारी

उत्तर लाल २. अ ला माहीत नाही म्हणजे पिवळा नाही. त्यामुळे १ आता फक्त लालमध्ये राहिला, आणि ५ तर फक्त जांभळ्यातच होता, ब ला माहीत नाही म्हणून लाल १ आणि जांभळा ५ गेले. आता एकच पत्ता उरलेला रंग म्हणजे लाल.

भाचीने सोडवलं आणि वर विचारलं, “मावशी, शेवटची ओळ कशाला आहे? तिसऱ्या ओळीलाच संपलं की.” बरोबर आहे तिचं. चौथी ओळ काहीच करत नाही. मी ठरवलं की आता प्रत्येक कोड्याची अशीच तपासणी करायची, एकेक ओळ काढून बघायची, आणि जी काढून उत्तर तेच राहतं ती ओळ कोड्यात ठेवायची नाही. शेरिलच्या कोड्यात शेवटची ओळ लागते, ती काढली तर तीन तारखा उरतात. माझ्यात नाही लागत. काढली.

बाकीच्या ओळी काढून बघितल्या. दुसरी काढली तर एकही शक्यता उरत नाही. तिसरी काढली तर सात उरतात. पहिली काढली तर उत्तर बदलून पिवळा १ होतं! ‘मला माहीत नाही’ हे साधं वाक्य, जे वाचताना आपण जवळजवळ ओलांडूनच जातो, ते काढलं की दुसराच पत्ता.

हे कौतुकाने भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “पण मावशी, पिवळा असला तर अ ‘आता कळला’ असं कसं म्हणेल? त्याला आधीपासूनच माहीत होतं ना.”

१२ फेब्रुवारी

रात्री नीट झोप नाही लागली, तिच्या ‘आता’ मुळे.

माझ्या कोडमध्ये ‘आता’ ला काही अर्थच नव्हता. ‘कळला’ आणि ‘माहीत आहे’ एकच धरले होते. मराठीत ते एक नाहीत, माहीत असणं ही अवस्था आहे आणि कळणं ही घटना, कळायला आधी माहीत नसावं लागतं. तसंच ‘माहीत होतं’ आणि ‘माहीत आहे’. बेरीजवाला ‘मला माहीत होतं’ म्हणतो तेव्हा तो गुणाकारवाल्याने तोंड उघडायच्या आधीचं सांगत असतो. हे मी तिथे हाताने बसवलं होतं, सगळीकडे नव्हतं.

म्हणून आता प्रत्येक वाक्यासोबत आधीच्या टप्प्याचा शक्यतांचा संच पण ठेवते. ‘आता कळलं’ म्हणजे मागच्या टप्प्यात माहीत नव्हतं आणि या टप्प्यात आहे. तसं करून पहिली ओळ काढली तर एकही पत्ता उरत नाही, भाचीचं बरोबर होतं.

आणि यातून एक गोष्ट उलगडली. ‘आता’ मधूनही वाचणाऱ्याला कळतंच की अ ला आधी माहीत नव्हतं, म्हणजे पिवळा नाही. तीच माहिती! पण ती तिसऱ्या ओळीत आली, ब बोलून गेल्यावर. ब ला ती दुसऱ्या ओळीआधी हवी होती, तेव्हाच त्याच्या ‘माहीत नाही’ ने लाल १ कापला गेला असता. माहिती तीच, पण उशिरा आली म्हणून निरुपयोगी.

२० फेब्रुवारी

कुजबुज. हे करायचं मनात होतंच. बाबांनी सगळ्यांसमोर न बोलता प्रत्येक मुलाच्या कानात वेगवेगळं सांगितलं, आणि बाकीच्यांना पत्ताच नाही की कुणाला काही सांगितलंय, तर? वाक्य तेच, ऐकणारी मुलं तीच, तिघांनीही ऐकलं.

यासाठी नुसतं पुसून भागत नाही. कानात सांगितलं की ‘सांगितलं’ आणि ‘काहीच झालं नाही’ अशा दोन्ही दुनिया शिल्लक ठेवाव्या लागतात, कारण बाकीचे दुसऱ्या दुनियेत राहतात. १९९८ मध्ये बालताग, मॉस आणि सोलेकी यांनी यासाठी जी पद्धत दिली तीच घेतलीय. उघड बोलल्यावर शक्यता ८ वरून ७ झाल्या होत्या. कानात सांगितल्यावर पहिल्या मुलानंतर १५, दुसऱ्यानंतर २९, तिसऱ्यानंतर ५७. कमी व्हायच्या ऐवजी वाढतायत!

मग फेऱ्या चालवल्या. तिघांच्या कपाळाला चिखल: कितीही फेऱ्या, कुणालाच कळत नाही. दोघांच्या: तेच. एकाच्याच कपाळाला असेल तेव्हा मात्र कानात सांगितलेलंही पुरतं, त्याला समोर दोन स्वच्छ कपाळं दिसतायत.

दोन सेनापतींचा प्रश्नही यातलाच आहे, १९७५ पासून संगणकशास्त्रात आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला करायचाय, निरोप वाटेत हरवू शकतो. निरोप पोचला तरी पोच पाठवावी लागते, पोचेची पोच, आणि प्रत्येक पोच माझ्या त्या खोलीच्या फंक्शनमध्ये बरोब्बर एक पातळी वाढवते, पण ‘उघड’ कधीच होत नाही. हॅल्पर्न आणि मोझेस यांनी १९९० च्या लेखात हे सिद्ध करून दाखवलंय, आणि चिखलाच्या मुलांवरूनच समजावलंय.

२२ फेब्रुवारी

भाचीला कुजबुजीचा निकाल दाखवला. तिने ५७ शक्यतांचा प्रिंट खालपासून वरपर्यंत वाचला, मग विचारलं, “आणि बाबा कानात सांगतायत हे बाकीच्यांनी बघितलं, पण काय सांगतायत ते ऐकू नाही आलं, तर?”

ते अजून कोडमध्ये नाही. तिसरा प्रकार लागेल: काहीतरी सांगितलं हे उघड, काय सांगितलं ते नाही. फाईल उघडली आहे, नाव ‘बघितलं_पण_ऐकलं_नाही’.